तळ साफ करायला माणूस उतरतो तेव्हा

 आम्ही बचत गटाच्या बाया दर वेळी बचत, कर्ज, बँकेचे हप्ते यांवर बोलतो. आज ते बाजूला ठेवतो. आज बोलायचं आहे ते जमिनीच्या पोटातल्या एका कामाबद्दल. खोल खड्ड्याच्या तळाशी साचलेला गाळ, दगड आणि पाणी काढण्याचं काम. गावात हे काम विहिरीचं असतं. शहरात ते पुलाच्या नाहीतर उंच इमारतीच्या पायाचं असतं. दोन्हीकडे उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.

हा विषय आमच्याकडे आला तो गटाच्या बैठकीतून. धानाची कापणी, मळणी आटोपली की आपल्या जिल्ह्यातून किती लोक बाहेर कामाला जातात हे तुम्हाला सांगायला नको. कोणी नागपूर, कोणी पुणे-मुंबई, कोणी हैदराबाद, कोणी रायपूर. फोनवर विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "साईटवर काम आहे." कसलं काम, कुठं उभं राहून, कुणाच्या भरवशावर, हे आपण विचारत नाही. आम्ही बैठकीत ठरवलं की आता विचारायचं. पुढच्या महिन्यात एका ताईंनी सांगितलं, "पोरगा म्हणतो, पाइलचं काम आहे. पाइल म्हणजे काय गं?" कुणालाच नीट सांगता येईना. मग आम्ही या कामावरून परतलेल्या लोकांना, मिस्त्रींना, एका इंजिनिअर भावांना विचारत गेलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आपण घर बांधतो तेव्हा तीन-चार फूट खणून मुरूम लागला की पाया भरतो. पण वैनगंगेसारख्या नदीत पूल उभा करायचा असला, की वर नुसती वाळू असते. वीस मजली इमारत मऊ मातीवर उभी राहात नाही. म्हणून जमिनीत खोल, गोल भोकं पाडतात. दोन फूट रुंद, चार फूट रुंद, कधी त्याहून मोठी. पन्नास फूट, शंभर फूट, जिथपर्यंत कठीण खडक लागतो तिथपर्यंत खोल. त्यात सळईचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. जमिनीच्या आत असा जो काँक्रीटचा खांब तयार होतो, त्याला पाइल म्हणतात. वरचा सगळा भार हे खांब खालच्या खडकावर नेऊन ठेवतात.

आता यात तळाचं काय महत्त्व? तायांनो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अंगण सारवताना खालची भुसभुशीत माती आधी झाडली नाही, तर दोन दिवसांत पोपडे निघतात. सारवण चांगलं असूनही टिकत नाही, कारण खाली धरायला काही नसतं. पाइलचंही तसंच. भोक पाडताना माती, दगडाचे तुकडे, चिखल तळाशी पडत राहतो. भोवतालचं पाणी झिरपून आत साचतं, आणि पाण्यातला गाळ हळूहळू खाली बसतो. तो तसाच ठेवून काँक्रीट ओतलं, तर खांब खडकावर न टेकता चिखलाच्या गादीवर टेकतो. पुढे भार आला की ती गादी दबते आणि खांब खचतो. म्हणून काँक्रीट ओतण्याच्या अगदी आधी तळ साफ करावाच लागतो. आदल्या दिवशी साफ केलेला चालत नाही, कारण रात्रभरात पुन्हा गाळ बसतो.

म्हणजे काम गरजेचं आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की ते करायचं कसं.

जिथं काम नीट चालतं तिथं हे सगळं वरून करतात. यंत्राला खास बादली लावून तळाचा चिखल खरवडून वर काढतात. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचं दाट पाणी आत भरून ठेवतात. मग तळापर्यंत पाइप सोडून पाणी किंवा बेंटोनाइट फिरवतात, त्याबरोबर गाळ वर येतो. कुठं कॉम्प्रेसरची हवा पाइपात खाली सोडतात. पाइपातल्या पाण्यात हवा मिसळली की ते हलकं होऊन जोरात वर चढतं, आणि तळाचा गाळ, बारीक खडी ओढून आणतं. तळ साफ झाला की नाही, हेसुद्धा वरूनच पाहतात. साखळीला वजन बांधून आत सोडतात आणि खोली मोजतात. भोक पाडलं तेव्हा साठ फूट भरलं होतं आणि आता अठ्ठावन्न भरत असेल, तर दोन फूट गाळ अजून खाली आहे.

आणि पाण्याचं म्हणाल, तर ते शेवटच्या थेंबापर्यंत उपसायची गरजच नसते. काँक्रीट वरून नुसतं ओतत नाहीत. तळापर्यंत लांब पाइप नेतात, त्याच्या वरच्या तोंडाला नरसाळं असतं. काँक्रीट पाइपातून आधी तळाशी पोचतं आणि खालून वर चढत जातं. ते पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून पाण्याला वर ढकलत नेतं. पाइपाचं तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडलेलं ठेवलं की झालं. नदीतले, समुद्रातले पूल असेच उभे राहिले. मुंबईचा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, जवळपास बावीस किलोमीटर लांब. त्याचा बराचसा भाग समुद्रावर आहे. तिथल्या पायांच्या तळाशी कुणी घमेलं घेऊन उतरत नाही.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, हे तर बोअरवेलसारखंच झालं." अगदी बरोबर. गावातली बोअरवेल गाळानं भरली की काय करतो आपण? कॉम्प्रेसरची गाडी बोलावतो. पाइप आत सोडतात, हवा मारतात, आणि आधी चिखल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ पाणी उसळून बाहेर येतं. बोअरवेल दोनशे-तीनशे फूट खोल असते. तिच्यात कुणी उतरतं का? नाही. कारण ती सहा इंच रुंद असते, माणूस मावतच नाही. मग तळ साफ होत नाही का? होतो.

यातून आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. विहिरीत आणि रुंद पाइलमध्ये माणूस उतरतो तो गरज म्हणून नाही. माणूस त्यात मावतो म्हणून उतरतो. यंत्र मागवायला वेळ लागतो, पैसा लागतो. माणूस तिथंच उभा असतो. दोर बांध आणि सोड.

असंच आमच्या त्या ताईंच्या मुलाला सांगितलं होतं. एका मोठ्या शहरातल्या कामावर यंत्राचा खोळंबा झाला होता. साडेतीन-चार फूट रुंदीचं, चाळीस फुटांचं भोक. तळाशी चिखल आणि दगडाचे तुकडे. काँक्रीटची गाडी यायची वेळ झालेली. मुकादम म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे. बादली भरून दे, वर ओढून घेतो. दोनशे रुपये जास्त देतो." पोरगा बादलीच्या दोरालाच धरून उतरला. वरून बल्ब सोडला होता. तो सांगतो, खाली गेल्यावर वरचं तोंड ताटाएवढं दिसत होतं. तिसऱ्या बादलीला डोकं जड झालं, हात उचलेना. ओरडायला गेला तर आवाज निघेना. नशीब असं, की वरच्या सोबत्यानं दोर हलत नाही हे पाहिलं. पोराचा हात बादलीच्या कडीत अडकला होता, म्हणून तो वर आला. दोन दिवस डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. घरी त्यानं सांगितलंच नव्हतं. आईनं "पाइलमध्ये नेमकं काय करतोस" असं खोदून विचारलं, तेव्हा कळलं.

तायांनो, हे "दहा मिनिटांचं काम" आपल्या गावातही असतंच. विहिरीतली मोटर अडकली, दहा मिनिटांचं काम. बादली पडली, दहा मिनिटांचं काम. पावसाळ्याआधी गाळ काढायचा, सकाळपर्यंतचं काम.

२०२३ च्या जून महिन्यात आपल्याच तिरोडा तालुक्यातल्या सरांडी गावी एका विहिरीत उतरलेले चौघे जण गेले. ५ जुलै २०२४ ला शेजारच्या छत्तीसगडमध्ये, जांजगीर-चांपा जिल्ह्यातल्या किकिरदा गावात, विहिरीत पडलेली लाकडी फळी काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग बाकीचे. पाच जण गेले. ३ एप्रिल २०२५ ला मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावत गावात गणगौरीच्या विसर्जनासाठी जुनी विहीर साफ करायला लोक उतरले. आधीचे गाळात अडकले, त्यांना काढायला पुढचे उतरले. आठ जण गेले. एका सणाच्या तयारीत घरं उघडी पडली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती नीट ऐका. आधीचे कामासाठी उतरले. त्यांच्या मागचे त्यांना वाचवायला उतरले. भाऊ भावासाठी, शेजारी शेजाऱ्यासाठी. म्हणजे सगळ्यात जास्त माणसं गेली ती मायेपोटी, घाईपोटी.

आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, विहिरीनं बळी घेतला. कुणी म्हणतं तिथं काही तरी आहे. आहेच, पण ते भूत नाही. ती हवा आहे.

आपण श्वास घेतो त्या हवेच्या शंभर भागांत जवळपास २१ भाग ऑक्सिजन असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला तर त्या जागी उतरू नये, असा नियम आहे. दहाच्या खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडतो. पाच-सहावर आला तर काही मिनिटांत जीव जातो. विहिरीच्या तळाशी पालापाचोळा, तणस, मेलेली जनावरं, चिखल कुजत असतो. कुजताना तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो वर येत नाही, पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही. दुसरा एक वायू सडलेल्या अंड्यासारखा वास मारतो. पण तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं, वास गेला, हवा सुधारली. तिसरा वायू म्हणजे इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंगही नाही, वासही नाही. डिझेलचा पंप विहिरीत किंवा खड्ड्यात खाली उतरवून चालवला, तर तो खड्डा या विषानं भरतो. विहीर खोदताना सुरुंग उडवल्यावर जो धूर राहतो, त्यातही असलेच वायू असतात.

आणि गाळ काढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. उतरताना हवा ठीक असली तरी पुढं ती ठीक राहीलच असं नाही. चिखलाच्या पोटात वायू अडकून असतो. फावडं मारलं, चिखल ढवळला, की तो सुटतो. म्हणून "आधीचा माणूस उतरून आला, त्याला काही झालं नाही," हे कारण पुरेसं नाही.

आपला मामा तलाव किंवा शेतातली बोडी साफ करताना असं का होत नाही? कारण तिथं वरून आभाळ मोकळं असतं, वारा फिरतो. गाळ तोच, पण जागा उघडी. विहीर आणि पाइल या अरुंद आणि खोल. तिथं वारा पोचत नाही. जितकं तोंड लहान आणि खोली जास्त, तितका धोका जास्त. झाकण घातलेली विहीर, वापरात नसलेली विहीर, शोषखड्डा, संडासाची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, हे सगळे याच जातीतले.

आता काही समजुती, ज्या आम्ही गावोगावी ऐकतो.

एक, "दिवा सोडून बघितला, विझला नाही." कंदील सोडून पाहायची चाल जुनी आहे. दिवा विझला तर अजिबात उतरायचं नाही, इतकं त्यातून कळतं. पण दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं मात्र नाही. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन सोळा-सतरा भागांवर आलेला असतो. म्हणजे धोक्याची रेषा केव्हाच ओलांडलेली असते. इंजिनाच्या धुराचा विषारी वायू असला तर दिवा छान जळत राहतो आणि माणूस मरतो. आणि तळाशी पेटणारा वायू असला, तर दिव्यानंच भडका उडतो.

दोन, "ओला रुमाल बांधून जातो." रुमालानं धूळ अडते, वायू अडत नाही. जो ऑक्सिजन तिथं नाहीच, तो रुमाल कुठून आणणार?

तीन, "श्वास धरून झटकन जाऊन येतो." खाली माणूस बेशुद्ध पडलाय, साठ-सत्तर किलोचं वजन आहे, चिखलात पाय रुतलेत. ते ओढताना श्वास सुटतोच. पहिला श्वास घेतला की आपणही त्याच्या शेजारी.

चार, "पोहता येतं मला." गुदमरलेल्या माणसाला पोहणं उपयोगाचं नाही.

मग करायचं काय? आमचं पहिलं सांगणं, उतरूच नका. वरून होतं का ते आधी बघा. गाळ काढायला मड पंप आहे, क्रेन मशीन आहे. बादली, दोर, फळी पडली तर गळ टाका. मोटर बसवतानाच तिला दणकट दोर बांधून तो वर काठाला ठेवा, म्हणजे अडकली तरी वरून ओढता येते. जनावर पडलं तर टोपली, खाट सोडा. आपल्याकडे नागझिरा-नवेगावचं जंगल आहे. बिबट्या विहिरीत पडल्यावर वनविभागाची माणसं काय करतात ते आठवा. ती विहिरीत उडी घेत नाहीत. दोरानं खाट नाहीतर पिंजरा सोडतात आणि बिबट्या आपण होऊन चढतो. मांजरासाठी एवढं सुचत नाही का?

मांजराचं उगाच म्हणत नाही. ९ एप्रिल २०२४ ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत गोबरगॅससाठी शेण साठवत होते. मांजराला काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे एकेक करत बाकीचे. पाच जण गेले. सहावा वाचला. तो काही जास्त ताकदवान होता म्हणून नाही. त्यानं कमरेला दोर बांधला होता, म्हणून त्याला वर ओढून काढता आलं.

पाच आणि एक यांच्यात फरक एका दोराचा.

म्हणून आमचं दुसरं सांगणं. उतरण्यावाचून गत्यंतर नाही असं जाणकार माणसानं ठरवलं, तरच, आणि तेही एवढं सगळं असेल तर. मोटरचा वीजपुरवठा आधी वरून बंद करून, फ्यूज काढून, तिथं एक माणूस बसवायचा. पंप डिझेलचा असेल तर तो काठापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून ताजी हवा भरायची, आणि माणूस खाली असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. हवा मोजायचं यंत्र हातात मावेल एवढंच असतं. ते दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा मोजायची. उतरणाऱ्याच्या अंगाला छाती आणि मांड्यांवरून येणारा पट्टा, त्याला दोर, आणि दोर वर कप्पीवरून घेतलेला. वर निदान दोन धट्टीकट्टी माणसं, ज्यांचं दुसरं काही काम नाही. फोन बघायचा नाही, तंबाखू मळायची नाही. दर मिनिटाला हाक द्यायची. उत्तर आलं नाही की विचारत बसायचं नाही, ओढायचं. काठावर दगड, फावडी, बादल्या ठेवायच्या नाहीत. चाळीस फुटांवरून पडलेला मुठीएवढा दगड डोकं फोडतो. पाइलच्या कडांना लोखंडी नळा नाहीतर आधार नसेल तर उतरायचंच नाही. माती ढासळली की दोरही कामाचा नाही.

ही यादी ऐकून कुणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा मशीन बोलावलेलं बरं. आम्हालाही तेच म्हणायचं आहे.

आणि कुणी खाली पडलाच, तर? हे तायांनो तुमच्यासाठी, कारण अशा वेळी काठावर आपण असतो. पहिली गोष्ट, पुढच्याला अडवा. हात धरा, कंबर धरा, आडवे पडा, पण दोराशिवाय दुसरा माणूस उतरू देऊ नका. आपला जीव तुटतो हे खरं. पण त्या क्षणी आपली माया त्याला अडवण्यात आहे. ११२ ला फोन करा, १०८ ची गाडी बोलवा, अग्निशमन दलाला सांगा आणि "विहिरीत गॅस आहे" हे शब्द स्पष्ट सांगा, म्हणजे ते श्वासाची टाकी घेऊन येतील. तोवर वरून हवा हलवा. ब्लोअर, फवारणीचा मोठा पंखा, काही नसेल तर कडुलिंबाची डहाळी किंवा उघडी छत्री दोराला बांधून वर-खाली करा. खालचा माणूस शुद्धीवर असेल तर फासा केलेला दोर सोडा. यानं उतरण्याजोगी हवा झाली असं समजू नका. खाली असलेल्याला एक श्वास मिळावा, इतकाच त्याचा उपयोग. माणूस वर आला की मोकळ्या हवेत आडवा करा, कपडे सैल करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, भराभर दाबत राहा, गाडी येईपर्यंत. हे दाबणं कसं करायचं ते आरोग्य उपकेंद्रात शिकून घ्या. आमच्या गटातल्या बाया शिकल्या आहेत.

आता बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांबद्दल. आपण साईटवर जाऊन उभ्या राहू शकत नाही. पण घरून दोन-तीन गोष्टी नक्की करू शकतो.

पहिली, नोंदणी. १९९६ च्या कायद्यामुळे बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झालं. वय १८ ते ६० च्या मध्ये असावं आणि मागच्या वर्षभरात निदान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं. तसा दाखला ठेकेदाराकडून घेता येतो, आणि गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडूनही. महाराष्ट्राच्या मंडळात नोंद असलेल्या कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख रुपये मिळतात. नोंद जिवंत ठेवावी लागते, नूतनीकरण चुकवू नका. बाया रेती-गिट्टीचं काम करतात, त्यांनीही स्वतःच्या नावानं नोंद करावी. नवऱ्याच्या नावावर आपलं काम मोजलं जात नाही. दुसऱ्या राज्यात काम असेल तर त्या राज्याच्या मंडळाची चौकशी तिथंच करायला सांगा. पण पैसे माणसाची भरपाई करत नाहीत, हेही आम्हाला कळतं. म्हणून नोंदणी पहिली असली तरी ती पुरेशी नाही.

दुसरी, माहिती. जाणाऱ्याच्या घरी वहीत लिहिलेलं असावं. मुकादमाचं नाव, फोन, साईटचा पत्ता, कुठल्या कंपनीचं काम, सोबत गावातलं कोण आहे. बऱ्याच घरी मुकादमाचा नंबरसुद्धा नसतो, हे आम्ही गटागटांतून पाहिलं आहे.

तिसरी, प्रश्न. फोनवर "जेवलास का" हे आपण विचारतोच. त्याच्यासोबत आणखी एक विचारा, "आज खाली उतरलास का?" उतरला असेल तर विचारा, "दोर कशाला बांधला होता? वर कोण होतं? हवा मोजली का?" आपण विचारतो हे कळलं की पोरगाही मुकादमाला विचारू लागतो. एकटा बोलला तर उद्या कामावरून काढतील ही भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून गावातले चार-पाच जण सोबत असतील तर त्यांनी मिळून सांगावं, "भाऊ, मशीननं काढा. आम्ही वरून लागेल ती मदत करतो." त्या ताईंच्या मुलानं पुढच्या कामावर हेच केलं. पाच जण मिळून बोलले. मुकादम रागावला, थोडा वेळ गेला, पण पंप आला.

एक गोष्ट ठेकेदारांनाही सांगण्यासारखी आहे. माणूस उतरवून हातानं काढलेला गाळ पूर्ण निघतच नाही. अंधारात, गुडघाभर पाण्यात, घाईत तो जेवढं हाताला लागतं तेवढं भरतो. बारीक गाळ पाण्यात ढवळतो आणि तो वर आला की पुन्हा तळाशी बसतो. यंत्रानं, पाण्याच्या किंवा हवेच्या जोरानं काढलेला तळ जास्त साफ होतो, आणि साखळी सोडून तो तपासता येतो. म्हणजे माणूसही वाचतो आणि पायाही पक्का होतो.

आमच्या गटांनी गावापुरतं काही ठरवलं आहे, तेही सांगतो. गावातल्या सगळ्या विहिरींची यादी केली. वापरातली कोणती, बंद कोणती, जाळी कुणाला आहे, कुणाला नाही. गटाच्या पैशातून एक जाड दोर, एक कप्पी, एक अंगाचा पट्टा आणि दोन गळ घेतले. ते कुणाच्या घरी आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. पावसाआधी विहिरी साफ करायच्या तर एकेकट्यानं नाही, पाच-सात विहिरी मिळून मशीन बोलवायचं, म्हणजे भाडं वाटून जातं. आणि ग्रामसभेत ठराव मांडला, की गावात कुणीही कुणाला एकट्यानं विहिरीत किंवा टाकीत उतरवायचं नाही. ठराव मांडला तेव्हा एक जण हसून म्हणाले, "बाया आता विहिरीचंही ठरवणार काय?" आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "भाऊ, विहिरीवर रोज पाणी भरायला कोण जातं? आणि तुम्ही खाली गेल्यावर काठावर रडत कोण बसतं?" ठराव मंजूर झाला.

तुमच्या गावात असं काही नसेल, तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटातल्या किती घरांतला माणूस विहिरीच्या, टाकीच्या नाहीतर पाइलच्या कामाला जातो, ते हात वर करून मोजा. मग दोर कुठं ठेवायचा ते ठरवा. ११२ आणि १०८ हे आकडे विहिरीच्या काठावर रंगानं लिहून घ्या. रोवणीची गडबड सुरू होण्याआधी हे उरकून घ्या, कारण विहिरीची कामं त्याच्या आधीच निघतात.

आणि कुणी म्हणालं, "दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता जाऊन येतो," तर त्याला म्हणा, दहा मिनिटांचंच आहे ना, मग दहा मिनिटं थांब. आम्ही दोर आणतो, चार माणसं बोलावतो, मशीनवाल्याला फोन लावतो.

 पुढच्या वेळी बँकेच्या हप्त्यांवर बोलू.